दार ठोठावू नये

यंदा दुकानाचा वाढदिवस तीन महिने आधी आला. डॉक्टरांनी आणला. "घरच्यांनी जे काही ठरवलं असेल ते लवकर उरकून घ्या," आईला तपासून झाल्यावर एवढंच ते दवाखान्याच्या जिन्यात थोरल्याला म्हणाले, आणि थोरल्याने ते जसंच्या तसं फोनवर धाकट्याच्या कानावर घातलं. एरवी हे दोघे भाऊ आज वार कोणता यावरसुद्धा एकमत होऊ देत नसत. त्या दिवशी मात्र दोघेही एकदमच म्हणाले, "मग फोटो काढून घेऊ."

वाढदिवसाचा फोटो म्हणजे या घरातलं मोठं प्रस्थ. आजोबांनी स्टुडिओ उघडला त्या तारखेला दर वर्षी सगळ्या घराने मोठ्या लाकडी कॅमेऱ्यासमोर यायचं; मग कोणी आजारी असो, भांडलेलं असो, कोणाची परीक्षा असो. मागच्या खोलीच्या भिंतीवर ते सगळे फोटो ओळीने लावलेले होते, आणि कोण कोणाशेजारी उभं आहे एवढं पाहिलं तरी घराचा इतिहास कळायचा. "मी हे दुकान चालवणार नाही," असं धाकट्याने बाबांना तोंडावर सांगितलं त्या वर्षी ते दोघे दोन टोकांना उभे होते. पुढच्या वर्षी तो आलाच नाही, आणि आईने त्याची जागा तशीच रिकामी ठेवायला लावली. वहिनी नवीन असतानाचा फोटो तिला अजून आवडत नाही. नेमक्या त्याच क्षणी तिने डोळे मिटले होते, आणि एका सुनेच्या पापण्यांसाठी दुसरी फिल्म खर्च करायला बाबांनी साफ नकार दिला होता.

सकाळपासून मधलीचं लक्ष बाबांच्या शर्टाच्या बटणांकडे होतं.

दोन भावांच्या मधली म्हणून ती मधली. भाऊ शिकून बाहेर गेले, ही बाबांबरोबर दुकानात राहिली. रोजचं गिऱ्हाईक ती दोन भिंगांच्या पेटीकॅमेऱ्यावर रोलच्या फिल्मने सांभाळायची. लाकडी कॅमेऱ्याला मात्र बाबांखेरीज कोणी हात लावायचा नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबांना हलकासा झटका येऊन गेला होता. मुलांना सांगितलं होतं की आता सगळं ठणठणीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाबांचं आयुष्यभराचं धोरण. पण उजव्या हाताच्या बोटांचे शेंडे मेले होते, हे मधलीला ठाऊक होतं, कारण चहाचा कप त्या हातात पोळत असला तरी त्यांना कळत नसे.

बाबांनी बटणं डाव्या हाताने लावली. बराच वेळ लागला. मग त्यांनी फ्रिजमधून लोण्याच्या डब्यामागचा खोका काढला. त्यात शेवटच्या दोन फिल्म होत्या, वहीच्या पानाएवढ्या. या मापाची फिल्म बनवणं कंपनीने केव्हाच सोडलं होतं, आणि या दोन्हींची मुदतही उलटून गेली होती.

"बाबा, आज होल्डर मी भरू का?" मधलीने शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"का? मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही. तुम्ही तोवर आईजवळ बसा."

"तिच्याजवळ मी रोजच बसतो," बाबा म्हणाले. "तू काचा पूस."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. होल्डर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक फिल्म बसणारी चपटी चौकट, आणि खोका काखेत मारून ते अंधारखोलीत गेले आणि आतून कडी लागली.

आईची खुर्ची त्या खोलीसमोरच्या बोळात ठेवली होती, कारण सकाळचं ऊन तेवढं तिथेच येई. वहिनी तिचे केस विंचरत होती. विंचरण्याजोगे फारसे उरले नव्हते, पण वहिनी ते सगळे असल्यासारखा हात फिरवत होती.

अंधारखोलीच्या दारावर आजोबांच्या हातची पाटी होती: दार ठोठावू नये. आत माणूस असेल तर फिल्म उघडी असणार, आणि दार नुसतं किलकिलं झालं तरी कोणाच्या तरी लग्नाचे सगळे फोटो मातीत जाणार. आई नवी सून म्हणून आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की सबंध घरात न ठोठावलं जाणारं दार काय ते हे एकच. मग तिला रडू आलं की ती तिथे जाऊन बसू लागली. पुढे सगळ्यांनीच तो धडा गिरवला. धाकटा गणितात नापास झाला तेव्हा आत बसला होता. थोरल्याचं पहिलं प्रेम फसलं तेव्हा तो इतका वेळ आत होता, की पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. बाबांचीसुद्धा एखादी फिल्म कधी कधी फार वेळ धुतली जायची. सगळ्यांना सगळं कळायचं. आतून आलेल्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही, डोळ्यांकडे पाहायचं नाही, चहा पुढे करायचा. पाटीवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

धाकटा आला तो बॅग खांद्यावर असतानाच. आईच्या पायाशी बसला आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "काय म्हातारे, आज नट्टापट्टा?"

"तुझ्या वहिनीला विचार. मला बाहुलीसारखी सजवतेय."

"मग बाहुलीचा एक फोटो फोनवर काढतो."

"नको रे. बाबांना नाही चालत," आई म्हणाली. आणि मग हळूच, "उद्या काढ."

अंधारखोलीतून बाबा बाहेर आले. कपाळावर घाम होता. होल्डर त्यांनी दाराआडच्या फळीवरच ठेवला होता. "भरल्या," ते म्हणाले.

"बाबा, एक काम करू," धाकटा उठला. "तुमचा फोटो होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण दोन मी फोनवरही काढतो. असू देत हाताशी."

"आजच्या दिवशी त्या खोलीत दुसरा कॅमेरा नाही."

"फिल्म जुनी आहे. कॅमेऱ्याचा भाता तीन ठिकाणी चिकटवलेला आहे. नाही आला फोटो तर?"

"आजवर आलाय."

"भाऊजी म्हणतात त्यात वावगं काय आहे, बाबा?" वहिनी कंगवा थांबवून म्हणाली. ती सहसा मध्ये पडत नसे, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "एक काढून ठेवला म्हणून बिघडलं कुठे?"

"तू यात पडू नकोस," थोरला म्हणाला.

"का पडू नको? त्या माझ्या कोणी नाहीत?"

बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. "ज्याला माझ्या हातावर भरवसा नसेल त्याने फोटोत उभं राहू नये," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत निघून गेले. थोरला समजूत घालायला त्यांच्यामागे गेला. त्याचा जन्मच समजुती घालण्यात गेला होता.

धाकट्याने मधलीला कोपऱ्यात गाठलं. "ताई, खरं सांग. हात बरा आहे त्यांचा?"

"थोडा बधिर आहे."

"मग तू गप्प कशी बसतेस? ही काय हट्ट पुरवायची वेळ आहे? एकच तर फोटो मागतोय मी."

"त्यांना कळलं तर मोडून पडतील ते."

"आणि फोटो नाही आला तर आपण काय करायचं?"

बाबांची बाजू घेतली तर आईचा फोटो टांगणीला, आईची बाजू घ्यावी तर बाबांचा जीव. मग बोळातून चालत, आईच्या खुर्चीला वळसा घालून, मधली अंधारखोलीत शिरली आणि तिने कडी लावली.

फिल्मला तोंड असतं आणि पाठ असते. तोंडाला रसायन असतं आणि चित्र तिथेच उमटतं; पाठीला गडद लेप, तिकडून उजेड जेमतेमच आत जातो. अंधारात डोळे काय कामाचे, म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात बारीक खाचा पाडलेल्या असतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात, उजव्या हाताच्या तर्जनीखाली त्या लागल्या की फिल्मचं तोंड आपल्याकडे. या घरातल्या पोरांना हे मुळाक्षरांच्या आधी शिकवलेलं होतं. मधलीने होल्डर हातात घेतला, झाकणाची पट्टी सरकवली आणि बोट आत घातलं.

खाच डावीकडे होती.

तिने होल्डर उलटून दुसरी बाजू पाहिली. तिथेही डावीकडे. दोन्ही फिल्म पाठीकडून भरलेल्या. ज्या माणसाने तिला हे शिकवलं, ज्याने उभ्या आयुष्यात एकदाही ही चूक केली नव्हती, त्याने आज ती दोनदा केली होती. अंधारात उभ्या उभ्या तिला भडभडून आलं. मग तिने हात पदराला पुसले, दोन्ही फिल्म एकेक करून बाहेर काढल्या, पालटून पुन्हा बसवल्या, खाचा उजवीकडे आल्याची दोनदा खात्री केली आणि होल्डर फळीवर होता तसाच ठेवून दिला. बाबांना कळायचं कारण नव्हतं. कळू द्यायचंही नव्हतं.

बाहेर आली तेव्हा आई तिच्याकडे पाहत होती. आईने शालीचं टोक पुढे केलं. "तोंड पूस," ती म्हणाली.

"घाम आलाय गं. आत कोंदट होतं."

"हो. आत कोंदटच असतं," आई म्हणाली आणि उन्हाकडे पाहू लागली.

मधली तडक धाकट्याकडे गेली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि त्यामुळे आवाजाला भलताच धीर आला होता. "फोन ड्रॉवरमध्ये ठेव. फोटो येणार."

"कशावरून?"

"मी सांगते ना. माझ्या शब्दावर."

लहानपणापासून तिने त्याला एकदाही खोटा शब्द दिला नव्हता, अगदी मारापासून वाचवायलासुद्धा. त्याने फोन काढला, पावतीपुस्तकाच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर ढकलला. मग ती दुकानाच्या पुढच्या दाराला 'बंद' ची पाटी लावायला गेली, तर तिथे एक गृहस्थ पासपोर्ट फोटोसाठी हटून बसले होते. वाढदिवसालाच नेमकं असं कोणीतरी यायचं. त्यांना कटवता कटवता तिचा बराच वेळ गेला. परत आली तेव्हा बाबा होल्डर काखेत धरून लाकडी कॅमेऱ्याशी उभे होते, आणि आज पहिल्यांदाच थोडे सैलावल्यासारखे दिसत होते.

"चला," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर."

थोरल्याने आणि धाकट्याने आईला खुर्चीसकट उचललं. "हळू रे, मी काय कपाट आहे?" आई म्हणाली. "कपाट परवडलं," धाकटा म्हणाला, "ते बोलत नाही." खिडकीच्या अगदी जवळ तिची जागा. तिच्या मागे सगळे: थोरला, वहिनी, धाकटा, टोकाला मधली, आणि बाबांसाठी मध्ये जागा. बाबा काळ्या कापडाखाली शिरले. दुधी काचेवर सगळं घर उलटं लटकलेलं त्यांना दिसत असणार. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिले.

मग त्यांनी रबरी फुगा आईच्या हातात दिला. लांब नळीच्या टोकाचा हा फुगा दाबला की पडदा उघडतो आणि सोडला की मिटतो. फोटो बाबांचा असला तरी फुगा आईचा, ही वाटणी लग्नाच्या वर्षीच झाली होती. आपल्या फोटोत आपणही दिसावं म्हणून बाबांना कोणीतरी हवंच होतं.

"झेपेल?" बाबांनी विचारलं.

"इतकी वर्षं झेपलंय."

"मी 'सोड' म्हटलं की सोड."

"ते तर तुम्ही दर वर्षीच म्हणता," आई म्हणाली.

पहिली फिल्म नेहमीसारखी झाली. बाबांनी होल्डर पालटला, झाकण सरकवलं, परत येऊन मध्ये उभे राहिले. "दाब," ते म्हणाले. कॅमेऱ्यात खट्ट झालं. सगळ्यांनी श्वास धरला. "सोड. झालं!"

सगळे हलले. थोरला चष्मा पुसू लागला, वहिनी आईसाठी उशी आणायला वळली, धाकट्याने मधलीच्या डोक्यात टपली मारली. बाबा कॅमेऱ्याकडे निघाले आणि अर्ध्यातच थांबले. पडदा मिटल्याचा आवाज आला नव्हता. आई तशीच ताठ बसली होती, समोर पाहत, मूठ शालीखाली आवळून.

"अगं, सोड. झालं केव्हाच."

"हो, सोडते," आई म्हणाली. पण तिने लगेच सोडला नाही. मग तिची बोटं सैल पडली, आणि कॅमेऱ्यात पुन्हा खट्ट झालं.

"जास्तच उजेड गेला," बाबा पुटपुटले. "असो. पहिली आहेच."

त्याच संध्याकाळी आईला धाप लागली. धाकट्याचा 'उद्या' आला तो दवाखान्यात, आणि तिथल्या नळ्यांमधल्या आईचा फोटो काढायचं त्याच्याही मनात आलं नाही. तिथून ती परत आली नाही.

आई गेल्यावर घरात आवाज खूप झाला आणि बोलणं काहीच झालं नाही. माणसं आली, बसली, गेली. बाबा दुकानात जाऊन बसत आणि काचेचा एकच तुकडा पुसत राहत. मधली स्वयंपाकघरात दोन कप चहा जास्त टाकायची आणि मग सगळ्यांना थोडा थोडा जास्त द्यायची. दुःख एवढं मोठं होतं की कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं.

भावांच्या निघायच्या आदल्या दिवशी धाकट्यानेच विषय काढला. "तो फोटो तेवढा पाहून जातो. माझ्याकडे तिचा अलीकडचा एकही नाही."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी होल्डर आणला आणि मधलीपुढे धरला. "तू धू," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही होणार."

अंधारखोलीत तिने बशीत रसायन ओतलं, दिवा घालवला, झाकण सरकवलं. बोट आपोआप उजव्या कोपऱ्यात गेलं. तिथे नुसती सपाट कड होती. तिने डावीकडे चाचपलं. खाच तिथे होती.

तिला क्षणभर वाटलं की आपलंच डोकं फिरलंय. दुसरीही पाहिली. तीही तशीच. ज्या फिल्म तिने स्वतःच्या हाताने सरळ केल्या, त्या पुन्हा पाठीकडून होत्या. आणि मग त्या गृहस्थांना कटवत ती दाराशी अडकली होती तो वेळ, काखेत होल्डर धरून सैलावलेले बाबा, हे सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिने बशीची कड घट्ट धरली. आता धुण्याखेरीज हातात काही नव्हतं. मग तिने त्या धुतल्या, नेमापेक्षा कितीतरी जास्त वेळ, बशी हलवत हलवत, अंधारात "ये गं, ये गं," असं म्हणत.

बाहेर आली तेव्हा सगळे बोळातच उभे होते. धाकट्याने तिच्या हातातली पहिली ओली फिल्म घेतली आणि उजेडासमोर धरली. ती जवळजवळ कोरी होती.

"ही कुठली?"

"ती पहिली आहे."

"यात काही नाहीये, ताई." तो पुन्हा पुन्हा पालटून पाहत होता. "यात काहीच नाहीये! तू म्हणाली होतीस, माझ्या शब्दावर. मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला तुझ्यासाठी. आई स्वतः म्हणाली होती उद्या काढ, मी आजच काढला असता! तुला कसली एवढी खात्री होती?"

"ओरडू नकोस तिच्यावर," थोरला म्हणाला, आणि समजुती घालणाऱ्या त्या माणसाचाच आवाज फाटला.

"ओरडू दे," मधली म्हणाली. "फिल्म पाठीकडून भरलेल्या होत्या. मी आत जाऊन पाहिलं आणि सरळ केल्या. म्हणून म्हणाले मी. माझ्या हाताने सरळ केल्या होत्या रे."

बाबा भिंतीला टेकले.

"तू सरळ केल्यास?"

"हो."

"केव्हा?"

"तुम्ही भरून बाहेर आलात, त्याच्या मागोमाग."

"पोरी," बाबा म्हणाले, "मी नंतर जाऊन पालटल्या गं. बुटाची नाडी बांधत होतो. डाव्या हाताने. आणि एकदम लक्षात आलं की खाचसुद्धा मी डाव्याच हाताने चाचपली. डाव्या बोटाखाली लागली आणि मी म्हटलं, बरोबर. म्हणजे सगळंच उलटं. मग गुपचूप आत गेलो आणि दोन्ही पालटल्या."

"पण पालटायच्या आधी हात लावून पाहिलं नाहीत?"

"नाही पाहिलं. जी बोटं एकदा खोटं बोलली त्यांना पुन्हा काय विचारायचं? आणि ही तर मेलेलीच." त्यांनी उजवा हात उचलून स्वतःच्याच डोळ्यांपुढे धरला. "मला एक शब्द विचारला असतास."

"तुम्ही मला सांगितलं असतंत तर?"

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणावर चिडायचं हेच धाकट्याला कळेनासं झालं होतं. एकाने दुसऱ्याला जपायचं म्हणून चूक निस्तरली, दुसऱ्याने आपली लाज झाकायची म्हणून, आणि दोघांनी मिळून ती होती तिथे नेऊन ठेवली. तोंडातून एक शब्द निघाला असता तरी आई भिंतीवर असती.

"सासूबाईंनी पाहिलं होतं," वहिनी एकाएकी म्हणाली.

ती आईच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "मी केस विंचरत होते ना. आधी वन्सं आत गेल्या. मग थोड्या वेळाने बाबा. मला वाटलं काही अडलंय, म्हणून मी उठले, दाराशी जाऊन विचारणार होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, बस. आत गेलेल्या माणसाला विचारायचं नसतं. दोघंही माझ्यासाठी रडून येताहेत. येऊ देत रडून, मग हलकं वाटेल त्यांना." वहिनीने डोळे टिपले. "मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाल्या, मला आता कशाला जायला हवं आत, मी इथे उन्हात बरी आहे."

आईनेच घालून दिलेला नियम होता तो. तिने तो शेवटपर्यंत पाळला होता.

बाबांनी हात पुढे केला. "दुसरी दे."

मधलीने ती अजून पाहिलीच नव्हती. तिचा धीर झाला नव्हता. बाबा फिल्म घेऊन खिडकीशी गेले. फिल्मवर उजेड काळा दिसतो आणि काळोख स्वच्छ. पण बाबा ते उलटं चित्र इतर लोक वर्तमानपत्र वाचतात तसं वाचत. त्यांनी ती जवळ नेली, लांब धरली.

"खुर्ची आहे," ते म्हणाले. "शाल आहे. केस आहेत. हिचा चेहरा आहे."

"खरंच आहे?" धाकटा पुढे आला. "आणि आपण?"

"आपण नाही."

सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. फिल्मवर अगदी पुसट, श्वास टाकला तर विरून जाईलशी, आई बसलेली होती. तिच्या मागे, जिथे सगळं घर उभं होतं, तिथे काहीच नव्हतं.

"मी 'झालं' म्हटलं आणि आपण सगळे हललो," बाबा सावकाश म्हणाले. "ती बसून राहिली. पाठीकडून इतका थोडा उजेड आत जातो, की आणखी थोडा वेळ गेला नसता तर हीसुद्धा आली नसती." ते थांबले. "सोड म्हटलं होतं मी तिला. सोडला नाही तिने."

त्यांनी फिल्म दोरीवरच्या चिमट्याला अडकवली. बधिर बोटांना चिमटा नीट दाबवेना, म्हणून तो मधलीने धरला. मग बाबा वळले आणि अंधारखोलीकडे चालू लागले. मधली त्यांच्यामागे गेली. आत एका वेळी एकानेच जायचं, असाही या घराचा रिवाज होता. दाराशी बाबा थबकले, तिच्याकडे पाहिलं, आणि बाजूला सरून तिला वाट दिली. आतून कडी लागली.

आत धुवायला काही उरलेलं नाही, हे बाहेरच्या तिघांनाही माहीत होतं. वहिनी चहाचं आधण ठेवायला गेली. थोरला दोरीवरच्या त्या ओल्या फिल्मखाली, तिच्यातून निथळणारं पाणी पाहत उभा राहिला.

तेवढ्यात पुढून हाक आली. "कोणी आहे का दुकानात? पासपोर्टचा फोटो काढायचाय." त्या दिवशी कटवलेले तेच गृहस्थ होते.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. हे दुकान मी चालवणार नाही म्हणून एकदा घर सोडून गेलेला धाकटा तोंडावरून हात फिरवत पुढे गेला. त्याने 'बंद' ची पाटी काढली आणि गिऱ्हाइकाला खुर्ची पुढे केली.

"आहेत," तो म्हणाला. "आत आहेत. बसा तुम्ही. वेळ लागेल."